संचित रजेवरून उशिरा परतल्याबद्दल कारागृहात झालेली शिक्षा: न्यायालय त्यात कितपत लक्ष घालते?

दाभोळखाडी यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ जन्मठेपेची शिक्षा भोगत असून गेली अनेक वर्षे तो घाटावरील एका मध्यवर्ती कारागृहात आहे. आमचे गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठी. २०१९ च्या पावसाळ्यात त्याला संचित रजा (फर्लो, म्हणजे शिक्षेच्या काळात ठरावीक दिवस घरी जाण्याची सुट्टी) मिळाली होती आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याने परत हजर व्हायचे होते. नेमक्या त्याच आठवड्यात कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला, पुणे-बंगळूरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला आणि आमच्याकडून घाट चढणाऱ्या एस.टी. गाड्या रद्द झाल्या. ज्या दिवशी निघायचे त्या दिवशी तो डेपोतून माघारी आला. त्याच संध्याकाळी आमच्या वडिलांनी त्याला पोलीस ठाण्यात नेले आणि रस्ता बंद असल्यामुळे आपण अडकलो आहोत, असे त्याने तेथे सांगितले. पुढे तो स्वतःहून कारागृहात हजर झाला. पोलिसांनी त्याला पकडून नेलेले नाही. मात्र तोपर्यंत मुदतीनंतरचे ११ दिवस उलटले होते.

त्याच्या म्हणण्यानुसार परतल्यावर त्याला एका छापील कागदावर सही करायला सांगितले गेले. नंतर कधीतरी त्याला समजले की उशिराच्या प्रत्येक दिवसामागे पाच दिवस याप्रमाणे ५५ दिवसांची माफी (शिक्षेत मिळालेली सूट) कापली गेली असून तशी नोंद त्याच्या हिस्टरी तिकिटावर (बंद्याच्या नोंदींच्या पत्रकावर) झाली आहे. आदेशाची प्रत त्याला किंवा आम्हाला कधीच मिळाली नाही. आम्हीही तेव्हा ती मागितली नाही, कारण ५५ दिवसांचा विषय आहे, सोसून घेऊ, असे घरात सर्वांनाच वाटले. परंतु २०२० मध्ये करोनामुळे जो आकस्मिक पॅरोल दिला जात होता, तो त्याला याच नोंदीमुळे नाकारला गेला, कारण सात वर्षांहून अधिक शिक्षा असलेल्या बंद्याने मागच्या दोन्ही वेळी मुदतीत परतलेले असावे, अशी त्या नियमातील अट होती. आता या वर्षीचा संचित रजेचा अर्जही २०१९ मधील त्याच कारणावरून फेटाळला आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. कारागृहाच्या आत अधीक्षकांनी दिलेल्या शिक्षेची उच्च न्यायालय तपासणी करते का? गावात सर्व जण असेच सांगतात की तुरुंगाच्या भिंतीआड अधीक्षक म्हणेल तोच कायदा. आणि तपासणी होत असेल, तर इतक्या वर्षांनंतर ती मागता येईल का?

मांडवी-वकील यांचे उत्तर

ताई, गावात जे सांगितले जाते ते १९७८ पूर्वी काही अंशी खरे होते, आज ते खरे नाही. सुनील बत्रा विरुद्ध दिल्ली प्रशासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९७८ मध्ये मान्य केले की शिक्षा झाली म्हणून बंद्याचे मूलभूत हक्क कारागृहाच्या दारात गळून पडत नाहीत. त्यानंतरच्या वर्षी बत्रा या त्याच बंद्याने एका वॉर्डरने (कारागृहातील पहारेकऱ्याने) दुसऱ्या बंद्याला केलेल्या अमानुष छळाविषयी न्यायालयाला पत्र लिहिले. ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले गेले आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी डिसेंबर १९७९ मध्ये दिलेल्या निकालात आपल्या कामाचा एक स्पष्ट निर्देश आहे. एकांत कोठडी, अधिक कष्टाचे काम, सवलती काढून घेणे, शिक्षा म्हणून दुसऱ्या कारागृहात पाठवणे, यांपैकी कोणतीही गोष्ट सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय करू नये, आणि तातडीमुळे आधी कळवणे शक्य नसेल तर कारवाईनंतर दोन दिवसांच्या आत कळवावे, असे त्यात म्हटले आहे. माफी कापणे ही सवलत काढून घेणेच आहे. त्यामुळे आपल्या भावाच्या ५५ दिवसांची संचिका कारागृह ज्या जिल्ह्यात आहे तेथील सत्र न्यायाधीशांसमोर गेली होती का, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न कायद्याच्या शब्दांचा आहे. शिक्षा २०१९ मधील असल्यामुळे त्या वेळी लागू असलेला १८९४ चा कारागृह अधिनियमच पाहावा लागेल. त्यातील कलम ४५ मध्ये कारागृहातील अपराध दिलेले आहेत, कलम ४६ मध्ये शिक्षा दिलेल्या आहेत, आणि रजेच्या अटी मोडण्याबद्दल आपल्या राज्यासाठी कलम ४८-अ स्वतंत्रपणे घातलेले आहे. या कलमात दोन गोष्टी आहेत ज्या बंद्यांच्या नातेवाइकांना सहसा कोणी सांगत नाही. अट मोडली एवढ्यावर अपराध पूर्ण होत नाही, ती पुरेशा कारणाशिवाय मोडलेली असावी लागते. आणि अधीक्षकांनी शिक्षा करायची ती बंद्याचे स्पष्टीकरण घेतल्यानंतरच. म्हणजे उशीर किती दिवसांचा झाला हे मोजून त्याला पाचाने गुणणे, एवढ्याने या कलमाखालची कारवाई संपत नाही. महापूर हे पुरेसे कारण होते की नव्हते, याचा विचार झाल्याचे कागदावर दिसले पाहिजे, आणि ते कारण पटले नसेल तर का पटले नाही, हेही एखाद्या ओळीत तरी दिसले पाहिजे.

आता न्यायालय काय करत नाही तेही सांगतो, कारण येथेच बहुतेक याचिका फसतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील फौजदारी रिट याचिकेत उच्च न्यायालय अपील ऐकत नसते. पुरावा पुन्हा तोलून, मी अधीक्षक असतो तर काय केले असते, असा विचार ते करत नाही. निर्णय घेण्याची रीत बरोबर होती का, नोटीस मिळाली का, म्हणणे ऐकले का, कारणे दिली का, अधिकार ज्याला आहे त्यानेच निर्णय घेतला का, निष्कर्षाला कागदावर काही आधार आहे का, आणि शिक्षा अपराधाच्या मानाने अवाजवी तर नाही ना, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे माझा भाऊ सज्जन आहे, त्याचे कारागृहातील वर्तन उत्तम आहे, आईवडील वृद्ध आहेत, यावर चार पाने खर्च करणाऱ्या याचिकेपेक्षा नोटिशीची तारीख आणि आदेशाची तारीख शेजारी शेजारी मांडणारी दीड पानाची याचिका अधिक उपयोगी पडते.

आणखी एक मुद्दा आहे. कारागृहाच्या बाजूने दाखल होणाऱ्या शपथपत्रात पुष्कळदा अशी कारणे येतात जी मूळ आदेशात नसतात. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे की आदेशाची वैधता त्या आदेशातील कारणांवरूनच ठरते, नंतरच्या शपथपत्राने त्यात भर घालता येत नाही. म्हणूनच मूळ आदेशाची प्रत हाती येईपर्यंत याचिकेचा मसुदा करण्याची घाई करू नये.

आता मला आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात. पोलीस ठाण्यात त्या संध्याकाळी जे सांगितले त्याची स्टेशन डायरीत नोंद झाली होती का? आणि महामार्ग ऑगस्टच्या मध्यापूर्वी खुला झाला होता. तेव्हापासून तो हजर होईपर्यंतच्या दिवसांचे काय? हा प्रश्न सरकारी वकील पहिल्या पाच मिनिटांत विचारतील, म्हणून मी आधीच विचारतो.

मोतीतलाव यांचे उत्तर

मी कारागृह विभागात नोकरी करून निवृत्त झालो असून सध्या सावंतवाडीस असतो. वकीलसाहेबांनी सांगितलेला कायदा मला मान्य आहे. मात्र टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला काय दिसते, तेही ताईंनी ऐकून ठेवावे.

रजेवर गेलेला बंदी वेळेवर परतला नाही की त्याच दिवशी रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला आणि संबंधित पोलीस ठाण्याला कळवावे लागते. बंदी परत आला की प्रवेशद्वारावर त्याची वेळ नोंदली जाते, अहवाल तयार होतो, त्याला नोटीस दिली जाते आणि त्याचे स्पष्टीकरण घेतले जाते. त्यानंतर अधीक्षकांचा प्रस्ताव आणि सत्र न्यायालयाकडे संचिका. तेथून मान्यता आली की शिक्षेच्या नोंदवहीत आणि हिस्टरी तिकिटावर नोंद होते. कागदावर हा क्रम चांगला आहे. प्रत्यक्षात एकाच वेळी अशी वीसपंचवीस प्रकरणे साचतात, क्षमतेच्या कितीतरी पट बंदी असलेल्या कारागृहात ती पाहणारा लिपिक एकच असतो, आणि मग नोटिशीचा नमुना छापील होतो, प्रस्तावाचा मजकूर मागच्या प्रकरणातून उतरवला जातो. हे समर्थन नव्हे, पण यात कोणी आपल्या भावावर सूड उगवलेला नसतो, एवढे लक्षात घ्यावे.

प्रमाणाविषयी बोलायचे तर एका दिवसाला पाच दिवस कापण्यामागे अनुभव आहे. रजेवरून न परतलेल्यांच्या मागे पोलीस किती काळ फिरतात हे मी पाहिले आहे. करोनाच्या पॅरोलवर सोडलेल्यांपैकी अनेकांना नंतर शोधून आणावे लागले. दर वेळी महापूर आणि आजारपण यांची चौकशी करत बसलो तर ठरलेले प्रमाण ठेवण्यात अर्थच उरणार नाही, असे अधीक्षकाला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्येक शिक्षा उच्च न्यायालयात गेली तर बराकीत शिस्त कोणाच्या जोरावर ठेवायची, हा प्रश्न न्यायाधीशांनाही कोणीतरी विचारायला हवा.

एक गोष्ट मात्र ताईंनी ताबडतोब तपासावी. आपल्या भावाने सही केलेला तो छापील कागद बहुधा स्पष्टीकरणाचाच असणार. ज्यांना लिहिण्याची सवय नाही त्यांची स्पष्टीकरणे बराकीतला लिहिता येणारा दुसरा बंदी, ज्याला आत रायटर म्हणतात, तो लिहून देतो, आणि त्याचा ठरलेला मजकूर असतो: ‘माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, क्षमा असावी.’ पुराचा त्यात उल्लेखच नसेल, तर अधीक्षकांनी पुराचा विचार केला नाही अशी तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

सातबारा यांचे उत्तर

आमच्या एका नातेवाइकाच्या बाबतीत कागद मिळवण्यातच बराच काळ गेला, म्हणून थोडक्यात लिहितो. माहिती अधिकाराचा अर्ज बंदी स्वतः करू शकतो आणि बाहेरून नातेवाईकही करू शकतात. आम्ही दोन्ही केले. अर्जात ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे लिहू नये, त्यावर अर्ज परत येण्याचीच शक्यता अधिक. कारणे दाखवा नोटीस, बंद्याचे स्पष्टीकरण, अधीक्षकांचा आदेश, सत्र न्यायाधीशांकडे पाठवलेले पत्र व त्यावरील शेरा, शिक्षेच्या नोंदवहीतील संबंधित पान आणि हिस्टरी तिकिटाची प्रत, असे प्रत्येकाचे नाव वर्षासह लिहावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करावे. एखादा कागद ‘उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर आले तर निराश होऊ नये, आमच्या वकिलांना तेच उत्तर सर्वांत जास्त आवडले होते.

दाभोळखाडी

सर्वांचे आभार. वकीलसाहेबांच्या प्रश्नांची उत्तरे देते. पोलीस ठाण्यात नोंद झाली होती की नुसते ऐकून घेतले गेले, हे वडिलांना सांगता येत नाही. तेथे आता अर्ज करणार आहोत. महामार्ग सुरू झाल्यानंतरच्या दिवसांविषयी सांगायचे तर त्याच सुमारास आमच्या आईला न्यूमोनिया होऊन रुग्णालयात ठेवले होते आणि रात्री तिच्याजवळ भाऊच थांबत होता. वडिलांना तेव्हा नीट चालता येत नव्हते आणि मी नोकरीच्या गावी होते. डिस्चार्जचा कागद आमच्याकडे आहे. तो भावाने कारागृहात दाखवला होता का, हे पुढच्या मुलाकतीत (कारागृहातील भेटीत) विचारीन.

मोतीतलाव काकांनी लिहिले ते वाचून मन थोडे खचले, कारण भावाचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले आहे आणि तो कागद दुसऱ्याने लिहिलेला असणे अगदी शक्य आहे.

विधिवाचक यांचे उत्तर

मी रत्नागिरी जिल्ह्यात विधी शाखेला शिकवतो. मोतीतलाव यांनी विचारलेला शिस्तीचा प्रश्न इतर देशांतील न्यायालयांनाही पडलेला आहे आणि त्यांनी त्याची दिलेली उत्तरे आपल्या उत्तराशी ताडून पाहण्यासारखी आहेत.

अमेरिकेत १९७४ साली वुल्फ विरुद्ध मॅकडॉनेल हे प्रकरण नेब्रास्का राज्यातील कारागृहातून आले. त्यात प्रश्न जवळपास ताईंच्याच प्रश्नासारखा होता, कारण तेथेही चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळालेली शिक्षेतील सूट शिस्तभंगासाठी काढून घेतली जात होती. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सुनावणीपूर्वी किमान २४ तास आधी आरोप लेखी कळवावा, कोणत्या पुराव्यावर आणि कोणत्या कारणाने निर्णय घेतला ते लेखी द्यावे, आणि सुरक्षिततेला धोका नसेल तर बंद्याला साक्षीदार बोलावू द्यावेत. वकील मिळण्याचा हक्क मात्र नाकारला. पुढे १९८५ मध्ये हिल प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की शिस्तभंगाच्या निष्कर्षामागे ‘काहीतरी पुरावा’ असला तरी पुरे. ही पट्टी इतकी खाली आहे की ती ओलांडायला पाय फारसा उचलावा लागत नाही. १९९५ च्या सँडिन प्रकरणात तर हवाईमधील एका बंद्याला ३० दिवस वेगळे ठेवण्याची शिक्षा या संरक्षणाच्या कक्षेबाहेरच ठेवली गेली.

इंग्लंडमध्ये वाट निराळी झाली. कारागृहाच्या गव्हर्नरच्या, म्हणजे तेथील अधीक्षकाच्या, शिस्तविषयक निर्णयांची न्यायालयीन तपासणी होऊ शकते हे तेव्हाचे तेथील सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८८ मध्ये लीच प्रकरणात मान्य केले. नंतर युरोपीय मानवी हक्क न्यायालयात असा प्रश्न गेला की शिस्तभंगासाठी कारावासाचे दिवस वाढवणे ही खरे तर फौजदारी शिक्षाच नव्हे काय. त्याचे उत्तर होकारार्थी आले आणि २००२ पासून तेथे गव्हर्नरचा दिवस वाढवण्याचा अधिकार काढून तो कारागृहाबाहेरच्या स्वतंत्र निर्णायकांकडे, म्हणजे न्यायाधीशांकडे देण्यात आला.

हे पाहिल्यावर १९७९ च्या बत्रा निकालाचे महत्त्व माझ्या विद्यार्थ्यांना कळते. इंग्लंडने २००२ मध्ये जे केले त्याच्या जवळ जाणारी गोष्ट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन दशकांहून अधिक काळ आधी सांगितली होती: शिक्षेवर बाहेरच्या न्यायाधीशाची नजर पडलीच पाहिजे. फरक असा की तेथे न्यायाधीश बंद्यासमोर बसून ऐकतो आणि येथे बहुतेक वेळा न्यायाधीशासमोर फक्त संचिका जाते. संचिकेत बंद्याचे स्पष्टीकरण जोडलेले नसेल किंवा ते रायटरने लिहिलेल्या तीन ओळींचे असेल, तर ती तपासणी नावापुरती उरते, आणि हे मोतीतलाव यांच्याच वर्णनावरून सिद्ध होते. अधीक्षकाला शिस्तीसाठी अधिकार हवाच. पण ज्या शिक्षेने माणसाचे आत राहण्याचे दिवस वाढतात, तिच्या कारणांसाठी लिपिकाला अर्धा तास मिळत नाही, ही सबब न्यायालयाने का ऐकावी, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

आणि नियमात नसलेला प्रतिबंध अधिकाऱ्याला स्वतःच्या मर्जीने घालता येत नाही, हा विचार तर बत्राहूनही जुना आहे. मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर सांझगिरी यांनी मराठीत लिहिलेल्या विज्ञानविषयक पुस्तकाचे हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला होता. तो नकार बेकायदेशीर असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच दिला.

मोतीतलाव

सरांचा मुद्दा मला पूर्णपणे अमान्य नाही. न्यायाधीश कारागृहाला भेट देण्यासाठी येतात त्याच वेळी अशी प्रलंबित प्रकरणे त्यांच्यासमोर ठेवून बंद्याला दोन मिनिटे उभे केले, तर कारागृहाचे काही बिघडत नाही आणि पुढची याचिकाही टळते. पण बंद्याला त्यासाठी सत्र न्यायालयात न्यायचे म्हटले तर पोलीस बंदोबस्ताची गाडी मिळेपर्यंत त्याची पुढची रजा येईल.

मांडवी-वकील यांचे दुसरे उत्तर

ताई, खचण्याचे कारण नाही. ‘चूक झाली, क्षमा असावी’ हा मजकूर निघाला तरी त्यातून उशीर झाल्याची कबुली निघते. पुरेसे कारण नव्हते याची कबुली त्यातून निघत नाही, आणि कलम ४८-अ मध्ये अपराध दुसऱ्या गोष्टीवर उभा आहे. शिवाय चौथी शिकलेल्या बंद्याच्या नावे दुसऱ्याच्या हस्ताक्षरातला मजकूर असेल, तर स्पष्टीकरण घेतले म्हणजे नेमके काय केले, हा प्रश्न न्यायालयासमोर मांडण्यासारखा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महामार्ग बंद होता हे अधीक्षकांना वेगळे सिद्ध करून द्यावे लागावे अशीही परिस्थिती नव्हती, ते रोजच्या वर्तमानपत्रात होते. आईच्या आजारपणाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. तो तेव्हा सांगितलाच नसेल तर आज प्रथमच सांगितल्याबद्दल आक्षेप येईल. म्हणून याचिकेत तो महापुराच्या बरोबरीने मांडू नये, उरलेल्या दिवसांच्या खुलाशापुरता मांडावा.

विलंबाविषयी. रिट याचिकेला ठरावीक मुदत नाही, पण अवास्तव उशीर झाला तर न्यायालय दार उघडत नाही, आणि २०१९ च्या आदेशाला आज एकट्याने आव्हान दिले तर हाच आक्षेप प्रथम येईल. आपल्याकडे दोन उत्तरे आहेत. आदेशाची प्रत कधी दिलीच नाही, हे एक. दुसरे अधिक बळकट आहे: त्याच आदेशाचा आधार घेऊन या वर्षी रजा नाकारली आहे, म्हणजे जुन्या आदेशाची झळ नव्याने लागली आहे. त्यामुळे आव्हान या वर्षीच्या नकाराला द्यावे आणि त्याचा पाया म्हणून २०१९ ची शिक्षा त्याच याचिकेत तपासायला मागावी.

येथे एक खाचखळगा आहे ज्यात चांगले वकीलही अडकतात. १९५९ च्या फर्लो व पॅरोल नियमांतील नियम ४ मध्ये कोणाला संचित रजा मिळू शकत नाही याची यादी आहे, आणि तीत पूर्वी रजेवरून वेळेवर हजर होण्यात कोणत्याही प्रकारे कसूर केलेल्यांचा समावेश आहे. हा नियम शिक्षा झाली का ते विचारत नाही, कसूर झाली का ते विचारतो. म्हणजे केवळ सत्र न्यायाधीशांची तपासणी झाली नाही या तांत्रिक कारणावर आपण ५५ दिवसांची शिक्षा रद्द करून आणली, तरी पुढच्या अर्जावर कारागृह पुन्हा म्हणेल की शिक्षा गेली, कसूर राहिली. त्यासाठी पुरामुळे हजर होणे अशक्य होते, म्हणून ती कसूरच नव्हे, असा निष्कर्ष मागणे आवश्यक आहे. न्यायालय तो स्वतः देईल याची खात्री मी देणार नाही. बहुधा ते प्रकरण अधीक्षकांकडे परत पाठवील आणि बंद्याचे म्हणणे ऐकून कारणांसह नव्याने निर्णय घ्या, असे सांगेल. तो नवा निर्णय पुन्हा विरोधात जाऊ शकतो. तरीही त्या वेळी स्टेशन डायरीचा उतारा संचिकेत असेल, आणि हा फरक लहान नाही. संचित रजा हा बंद्याचा निरपवाद हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नारायण साई प्रकरणात याच नियमांसंदर्भात पुन्हा सांगितले आहे, त्यामुळे याचिकेत ‘हक्क’ हा शब्द रजेसाठी न वापरता कायद्यानुसार विचार होण्यासाठी वापरावा.

कारागृहाचे नाव आपण लिहिलेले नाही, ते येथे लिहूही नये. ते कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा सोलापूर जिल्ह्यात असेल, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे काम जाते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे आपले दोन जिल्हेही त्याच बेंचला जोडलेले आहेत, रायगड मात्र मुंबईकडेच आहे. आपल्या या दोन जिल्ह्यांत मोठ्या मुदतीच्या बंद्यांसाठी मध्यवर्ती कारागृह नसल्यामुळे माणसे घाटावर आणि याचिका मुंबईला, असे आजवर चालले होते. आता निदान मुलाकत आणि वकिलाची भेट एका फेरीत उरकता येईल.

खर्चाची काळजी करू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार अटकेत असलेल्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. भावाने कारागृहातूनच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा आणि उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून वकील मागावा. अर्ज दिल्याची पोच त्याने मागून घ्यावी.

क्रम असा ठेवा. सातबारा यांनी सांगितलेला माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात जाऊ द्या, त्याच दिवशी पोलीस ठाण्याकडे ऑगस्ट २०१९ च्या स्टेशन डायरीच्या उताऱ्यासाठी स्वतंत्र अर्ज द्या, कारण अशा नोंदी ठरावीक काळानंतर नष्ट केल्या जातात आणि आधीच बराच काळ लोटला आहे. एस.टी.च्या विभागीय कार्यालयाकडे त्या दिवसांतील रद्द फेऱ्यांची माहिती मागा. या वर्षीच्या नकाराच्या आदेशाची प्रत भावाकडून मुलाकतीत घ्या आणि त्यावर कोणते अपील उपलब्ध आहे ते पाहून आधी ते दाखल करा, म्हणजे पर्यायी मार्ग न वापरता थेट आलात, हा आक्षेप राहणार नाही. डिस्चार्जच्या कागदावर आईचे नाव, दाखल केल्याची आणि सोडल्याची तारीख आणि रुग्णालयाचा शिक्का या चारही गोष्टी स्पष्ट वाचता येतात का ते आजच पाहून ठेवा. शिक्का पुसट असेल तर रुग्णालयाच्या अभिलेख विभागातून प्रमाणित प्रत घ्या.